पसारा लायसन्स काढताना: फाइल गार्डपासून लिहायला घ्या

सिक्युरिटीच्या धंद्यात ज्याला सगळे ‘पसारा लायसन्स’ म्हणतात, तो खासगी सुरक्षा एजन्सी (विनियमन) कायदा, २००५ याखालचा परवाना. ‘पसारा’ (PSARA) हे या कायद्याच्या इंग्रजी नावाचे लघुरूप. हा केंद्राचा कायदा १४ मार्च २००६ पासून लागू आहे. परवाना मात्र राज्य देते. राज्याच्या गृह खात्यातला सहसचिव किंवा त्याच दर्जाचा अधिकारी ‘नियंत्रक प्राधिकारी’ म्हणून नेमलेला असतो, आणि त्याने दिलेला परवाना त्या राज्यापुरताच चालतो. महाराष्ट्रातल्या परवान्यावर गोव्यात गार्ड उभा करता येत नाही. तिथे वेगळा अर्ज करावा लागतो.

बहुतेक जण फाइल मालकाच्या बाजूने सुरू करतात: पॅन कार्ड, भाडेकरार, फोटो, फीचे चलन. ती बाजू आठवड्यात उरकते. अडकते ते दुसऱ्या बाजूला, म्हणजे गार्डचे प्रशिक्षण, त्याची चारित्र्य पडताळणी आणि त्याच्या नावाची नोंद. परवाना मिळाल्यावर तपासणीला येणारा अधिकारीही आधी तेच बघतो. म्हणून सुरुवात तिथूनच करा.

परवाना लागतो का?

माणसाच्या किंवा मालमत्तेच्या रक्षणाची सेवा देणारा, गार्ड पुरवणारा, गार्ड वा सुपरवायझरना प्रशिक्षण देणारा, पैसे नेण्यासाठी चिलखती गाडी पुरवणारा, या सगळ्यांना परवाना लागतो. गार्ड दोन असोत की दोनशे. सर्वांत जास्त फसतात ते हाउसकीपिंगवाले. साफसफाईचे कंत्राट असते, सोसायटी म्हणते ‘गेटवर दोन माणसेही द्या’, आणि बिलात ‘मनुष्यबळ पुरवठा’ असे लिहून काम सुरू होते. बिलावर शब्द कोणताही असला तरी ती सुरक्षासेवाच आहे. विनापरवाना धंद्याला एक वर्षापर्यंत कैद, २५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कारखान्याने स्वतःच्या पगारपटावर ठेवलेला पहारेकरी ही वेगळी गोष्ट. तिथे एजन्सी नाही, म्हणून परवान्याचाही प्रश्न नाही.

अर्जदार पात्र आहे का, हे आधी तपासा

एकटी व्यक्ती, भागीदारी, कंपनी, व्यक्तींचा संघ, कोणीही अर्ज करू शकतो. पण पुढीलपैकी एक जरी बाब लागू असली तर पुढे जाऊ नका: कंपनी चालवताना केलेल्या फसवणुकीबद्दल शिक्षा, दिवाळखोरी, दोन वर्षे किंवा त्याहून जास्त कैदेची तरतूद असलेल्या गुन्ह्यात दोषसिद्धी, राष्ट्रीय सुरक्षेला धोका म्हणून बंदी घातलेल्या संघटनेशी संबंध, गैरवर्तन किंवा नैतिक अधःपतनाच्या कारणाने सरकारी नोकरीतून बडतर्फी. कंपनी भारतात नोंदलेली हवी, आणि मालक, बहुसंख्य भागधारक, भागीदार किंवा संचालक भारतीय नागरिक हवेत.

नुसता गुन्हा दाखल असणे म्हणजे अपात्रता नव्हे. पण शपथपत्रात दाखल आणि प्रलंबित खटल्यांची माहिती द्यावीच लागते. जुने, किरकोळ प्रकरण ‘मिटलंय’ म्हणून गाळले जाते आणि पोलिसांच्या संगणकात ते सापडते. मग मूळ प्रकरण राहते बाजूला आणि खोट्या माहितीचे नवे प्रकरण उभे राहते. दिशाभूल करून मिळवलेला परवाना रद्द होऊ शकतो. त्यामुळे निकालाची किंवा सद्यःस्थितीची प्रत जोडून सगळे लिहून टाका.

नाव सगळीकडे एकच ठेवा

ज्या नावाने परवाना मिळतो, त्याच नावाने धंदा करायचा. वेगळे नाव वापरणे हे निलंबनाचे किंवा रद्द होण्याचे कारण आहे. पॅन, बँक खाते, दुकाने व आस्थापना नोंदणी, जीएसटी, भविष्य निर्वाह निधी, ईएसआय (कामगार राज्य विमा), लेटरहेड, गणवेशावरचा बिल्ला, या सगळ्यांवर एकच नाव, एकाच स्पेलिंगने. एका कागदावर ‘सर्व्हिस’ आणि दुसऱ्यावर ‘सर्व्हिसेस’ एवढ्यावरून फाइल परत येते. आपण सरकारी यंत्रणेचा भाग आहोत असा भास करून देणारे नाव, चिन्ह किंवा मजकूर टाळा. कंपनी असेल तर तिच्या उद्देशांच्या कलमात सुरक्षासेवा स्पष्ट लिहिलेली हवी.

प्रशिक्षण: तास आणि तारखा जुळल्या पाहिजेत

केंद्राच्या नमुना नियमांनुसार नव्या गार्डला वर्गातले १०० तास आणि मैदानावरचे ६० तास, किमान २० कामाच्या दिवसांत, द्यावे लागतात. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना ४० आणि १६ तास, किमान ७ कामाच्या दिवसांत. राज्यांचे नियम याच साच्यावर बेतलेले असतात. आपल्या राज्याच्या राजपत्रातली चालू प्रत समोर ठेवूनच तक्ता बनवा.

आता हिशेब बघा. १६० तास २० दिवसांत म्हणजे रोज पूर्ण आठ तास. गार्ड १ तारखेला प्रशिक्षणाला गेला असे प्रमाणपत्र म्हणते आणि १४ तारखेला ते पूर्णही होते, तर ते प्रमाणपत्र स्वतःच आपल्याविरुद्ध साक्ष देते. त्याहून वाईट म्हणजे त्याच पंधरवड्यात साइटच्या मस्टरवर (हजेरीपटावर) त्याच माणसाच्या रात्रपाळीच्या सह्या असणे. प्रमाणपत्र, मस्टर आणि भविष्य निर्वाह निधीत दाखवलेली रुजू तारीख, हे तीन कागद शेजारी ठेवले की पाच मिनिटांत सगळे उघडे पडते. म्हणून क्रम पाळा: आधी प्रशिक्षण, मग प्रमाणपत्र, मग नेमणूक. मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेशी लेखी करार अर्जाआधीच करून ठेवा. ज्या संस्थेची मान्यता संपली आहे तिचा करार कामाचा नाही.

गार्ड निवडताना

वय १८ पूर्ण आणि ६५ च्या आत. पुरुषांना उंची १६० सेंटिमीटर, महिलांना १५०. पुरुषांची छाती ८० सेंटिमीटर आणि फुगवल्यावर ४ ने वाढणारी. चष्म्यासह किंवा चष्म्याविना दूरची नजर ६/६. रंगांधळेपणा नको, कारण उपकरणावरचा लाल-हिरवा दिवा ओळखता आला पाहिजे. एक किलोमीटर सहा मिनिटांत धावता आले पाहिजे. ऐकू नीट येणे आवश्यक. दर १२ महिन्यांनी वैद्यकीय तपासणी, आणि ही वार्षिक तपासणीच सर्वाधिक विसरली जाते. भरतीच्या महिन्यानुसार यादी करून ठेवली तर दर महिन्याला मोजकीच माणसे पाठवावी लागतात.

शिक्षा झालेला, किंवा सैन्य-पोलीस सेवेतून गैरवर्तनामुळे काढलेला माणूस गार्ड किंवा सुपरवायझर म्हणून घेता येत नाही. सैन्य, पोलीस किंवा होमगार्डमध्ये काम केलेल्यांना प्राधान्य द्यावे, असे कायदा सांगतो. सुपरवायझरसाठी हा अनुभव किमान तीन वर्षांचा धरतात.

चारित्र्य पडताळणीत एक बारकावा नेहमी सुटतो. गेल्या पाच वर्षांत उमेदवार एकाहून जास्त जिल्ह्यांत राहिला असेल, तर जितके जिल्हे तितके अर्ज. मूळ गाव एका राज्यात, मग दोन वर्षे सुरतेत, आता चाकणला, अशा मुलाचा एकच फॉर्म सध्याच्या पोलीस ठाण्यात देऊन काम भागत नाही. नियमांत पोलिसांना अहवालासाठी ९० दिवस दिले आहेत. त्यामुळे साइट सुरू व्हायच्या आठवडाभर आधी फॉर्म भरणे म्हणजे पडताळणीविना माणूस उभा करणे. पडताळणीचा अहवाल तीन वर्षे चालतो. संपण्याची तारीख रजिस्टरमध्ये लाल शाईने लिहून ठेवा.

अर्ज, फी आणि वाट पाहण्याचा काळ

एका जिल्ह्यासाठी फी ५,००० रुपये. दोन ते पाच जिल्ह्यांसाठी १०,०००. संपूर्ण राज्यासाठी २५,०००. पहिले काम पुण्यात असले तरी दोन वर्षांत आजूबाजूच्या जिल्ह्यांत जायचा इरादा असेल तर पाच जिल्ह्यांचा पर्याय सोयीचा. एका जिल्ह्याच्या परवान्यावर शेजारच्या जिल्ह्यात माणसे लावणे हे अटीचे उल्लंघनच.

शपथपत्रात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: अपात्रतेची कोणतीही बाब लागू नाही, प्रशिक्षणाची व्यवस्था केली आहे, परवान्याच्या अटी पाळल्या जातील, आणि खटल्यांचा तपशील. पोलीस तुमच्या पत्त्यांवर येतात. घराच्या आणि ऑफिसच्या. ऑफिस कागदावर एका जागी आणि पाटी दुसऱ्या जागी असली तर पोलिसांचे ना-हरकत प्रमाणपत्र लांबते. परिपूर्ण अर्ज आणि फी मिळाल्यापासून ६० दिवसांत निर्णय द्यावा, असे कायद्यात आहे. ‘परिपूर्ण’ या शब्दावर सगळा भार आहे. त्रुटी निघाली की अर्ज परिपूर्ण धरला जात नाही. त्रुटीचे उत्तर पोच घेऊन द्या. तुमची बाजू ऐकल्याशिवाय अर्ज नाकारता येत नाही, आणि नाकारला तर कारणे लेखी द्यावी लागतात.

परवाना हातात आल्यावरच्या मुदती

परवाना पाच वर्षांचा असतो. ६० दिवसांत ठरलेल्या संख्येने सुपरवायझर नेमायचे. नमुना नियमांत १५ गार्डांमागे एक. साइट विखुरलेल्या असतील आणि एकाला फिरणे जमत नसेल तर सहा गार्डांमागे एक. सहा महिन्यांत काम सुरू झाले पाहिजे. संचालक बदलले, व्यवस्थापन बदलले तर सात दिवसांत कळवायचे. परवाना ऑफिसात दर्शनी जागी लावायचा. कपाटात ठेवलेला चालत नाही, तोही दंडाचा विषय आहे.

गणवेश

गार्ड सैनिकासारखा किंवा पोलिसासारखा दिसता कामा नये. तसा गणवेश घातल्यास गार्ड आणि एजन्सीचा मालक दोघांनाही एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिंप्याकडे तयार पडलेले खाकी कापड स्वस्त मिळते म्हणून ते घेतले जाते आणि नंतर अख्खा स्टॉक बदलावा लागतो. रंग ठरवतानाच नमुना मंजूर करून घ्या. नियमांना हवा तो गणवेश असा: बाहीवर एजन्सीचा बिल्ला, खांद्यावर किंवा छातीवर हुद्दा, डाव्या खिशात शिट्टी आणि तिची दोरी, लेसचे बूट, डोक्यावर टोपी. फोटो असलेले ओळखपत्र कमरेच्या वर, सगळ्यांत बाहेरच्या कपड्यावर दिसेल असे. थंडीत वर जॅकेट घातले की ओळखपत्र आत जाते. ते जॅकेटवर लावायला सांगा.

परवान्यामुळे बंदूक ठेवायचा अधिकार मिळत नाही. त्यासाठी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली वेगळा परवाना लागतो. एटीएमच्या रोकड वाहतुकीला २०१८ चे स्वतंत्र नियम आहेत: गाडीत किमान दोन सशस्त्र गार्ड, एका फेरीत ५ कोटींपेक्षा जास्त रोकड नाही, शहरात रात्री ९ नंतर आणि ग्रामीण भागात संध्याकाळी ६ नंतर एटीएम भरणे नाही. हे काम पहिल्याच वर्षी अंगावर घेऊ नये.

रजिस्टर

कायद्याला तीन नोंदी हव्या आहेत: एजन्सी चालवणाऱ्यांची नावे-पत्ते; गार्ड आणि सुपरवायझरची नावे, पत्ते, फोटो आणि पगार; ग्राहकांची नावे-पत्ते. पगाराचा रकाना रिकामा ठेवण्याची सवय वाईट. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, बोनस, उपदान (ग्रॅच्युइटी) यांचे कायदे मोडणे हेदेखील परवाना रद्द होण्याचे कारण आहे. दर इतका खाली कोट करायचा की किमान वेतन बसतच नाही, आणि मग एकाच माणसाला सलग दोन पाळ्या उभे करायचे, हा अन्याय रजिस्टर आणि मस्टर शेजारी ठेवताच दिसतो. कोटेशन खालून वर बांधा: किमान वेतन, त्यावर मालकाचा निधी व विमा हिस्सा, साप्ताहिक सुट्टीचा रिलीव्हर (बदली गार्ड), बोनस, गणवेश, प्रशिक्षण, मग तुमचा नफा.

महाराष्ट्रात दुसरा कायदाही आहे

पसारा मिळाला म्हणजे सगळे झाले, असे महाराष्ट्रात समजू नये. इथे महाराष्ट्र खासगी सुरक्षा रक्षक (नोकरीचे नियमन व कल्याण) कायदा, १९८१ लागू आहे, आणि ‘बोर्डाचे गार्ड’ हा शब्द तिथून आला. कारखान्यात किंवा आस्थापनेत काम करणारे, पण तिथले थेट आणि नियमित कर्मचारी नसलेले गार्ड या कायद्यात येतात. त्यांची नोंदणी सुरक्षा रक्षक मंडळाकडे होते. एजन्सीमार्फत गार्ड पुरवायचे असतील तर कलम २३ खाली राज्य सरकारकडून सूट घ्यावी लागते, आणि सूट मिळते ती गार्डांना मिळणारे लाभ एकूण पाहता मंडळाच्या लाभांपेक्षा कमी नसतील तरच. मोठ्या कारखान्यांच्या निविदेत पसारासोबत ही सूट दिल्याच्या आदेशाची प्रत मागतात. ती नसल्यामुळे सर्वांत कमी दर देणाराही बाद होतो.

नूतनीकरण आणि अपील

मुदत संपण्याच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करायचा. त्यावर ३० दिवसांत आदेश अपेक्षित असतो. तयारी मात्र सहा महिने आधी सुरू करा, कारण गार्डांच्या संपलेल्या पडताळण्या नव्याने व्हायलाच तीन महिने जातात. अर्ज नाकारला, परवाना निलंबित किंवा रद्द झाला, तर ६० दिवसांत राज्याच्या गृह सचिवांकडे अपील करता येते. दिवस आदेशाच्या तारखेपासून मोजतात, म्हणून पाकीट हाती पडताच आतल्या आदेशावरची तारीख टिपून घ्या.

गार्ड घेणाऱ्या सोसायटीने काय मागावे

सोसायटीच्या सेक्रेटरीने परवान्याची प्रत मागताना तीन ठिकाणी बोट ठेवावे: नाव करारातल्या नावाशी जुळते का, जिल्ह्यांच्या यादीत आपला जिल्हा आहे का, मुदत कराराच्या शेवटच्या दिवसापर्यंत पुरते का. मग गेटवरच्या प्रत्येक गार्डचे प्रशिक्षण प्रमाणपत्र आणि पडताळणी अहवाल मागावा. रिलीव्हरचासुद्धा, कारण पडताळणी न झालेला माणूस बहुतेक वेळा रविवारीच येतो.