स्वित्झर्लंडमध्ये भाड्याची गाडी घेताय? वेगमर्यादा आणि दंड आधी समजून घ्या

स्वित्झर्लंडमध्ये पाटीवर ५० असेल तर ५०च. रस्ता मोकळा आहे, मागचा घाई करतोय, रात्रीचे अकरा वाजलेत, यातलं एकही कारण चालत नाही. मी आरगाउ कँटनमध्ये (कँटन म्हणजे इथलं राज्य) राहते, रोज गाडी चालवते, आणि दर उन्हाळ्यात पुण्या-साताऱ्याहून येणाऱ्या नातेवाइकांना हेच पुन्हा पुन्हा सांगते. यंदा भाचा आणि भाचेसून येताहेत, विमानतळावरच गाडी ताब्यात घेणार आहेत. म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवते, म्हणजे बाकीच्यांनाही उपयोगी पडेल.

आधी मूळ आकडे. वेगळी पाटी नसेल तेव्हा वस्तीत ताशी ५० किलोमीटर, वस्तीबाहेरच्या साध्या रस्त्यावर ८०, ऑटोश्ट्रासेवर (फक्त मोटार-वाहनांसाठीचा जलद रस्ता) १०० आणि ऑटोबानवर (दुभाजक असलेला मोठा महामार्ग) १२०. ऑटोश्ट्रासे आणि ऑटोबान यांत नवखा माणूस हमखास गोंधळतो. दोन्हींच्या पाट्या हिरव्या असतात. ऑटोबानच्या पाटीवर दुपदरी रस्ता आणि त्यावरून जाणारा पूल दिसतो, ऑटोश्ट्रासेच्या पाटीवर समोरून दिसणारी पांढरी मोटार असते. मोटार दिसली की १००. बऱ्याच ऑटोश्ट्रासेंवर मधे दुभाजक नसतो आणि समोरून वाहनं येत असतात, म्हणून तिथे १२०ची सवय पायाला लागू द्यायची नाही. निळ्या पाट्या इथे मुख्य पण साध्या रस्त्यांच्या. जर्मनीतून येणाऱ्यांनी हे जास्त लक्षात ठेवायचं, कारण तिकडे ऑटोबानच निळी असते.

ऑटोबानवर माणसं सहसा सापडत नाहीत, सापडतात ती गावात. झ्युरिकहून ल्युत्सर्न आणि ब्र्युनिग घाटमार्गे इंटरलाकेनला जाताना एकापाठोपाठ एक गावं लागतात. इंटरलाकेनहून लाउटरब्रुननकडे वळलात की लगेच विल्डर्सविल. डोंगर, धबधबे, हिरवी कुरणं. शेजारी बसलेला फोटो काढतोय, मागचे ‘ते बघ, ते बघ’ करताहेत, आणि रस्ता इतका गुळगुळीत की ८०चा वेग ८० वाटतच नाही. तेवढ्यात गाव येतं.

गावाच्या वेशीवर दोन गोष्टी बघायच्या. एक नावाची पाटी, ती फक्त गाव सांगते. दुसरी लाल वर्तुळात ५० आणि खाली ‘गेनेरेल’ (म्हणजे सर्वसाधारण) असं लिहिलेली, फ्रेंच किंवा इटालियन भागात त्याच अर्थाचे तिथले शब्द. मर्यादा सुरू होते ती या दुसऱ्या पाटीपासून. पाटी ओलांडताना काटा ५०वर आलेला असला पाहिजे, ओलांडल्यावर ब्रेक दाबायला सुरुवात करायची नाही. दुरून पाटी दिसली की ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा, गाडी आपोआप मंदावते. गाव संपताना तोच आकडा खोडलेला दिसतो, तिथून पुन्हा ८०. त्याच्या आधी शेवटची घरं मागे पडली म्हणून वेग वाढवू नका. आणि एक बारीक नियम: आडबाजूच्या छोट्या रस्त्यांवर ५०ची पाटी कधीकधी नसतेही. तिथे सलग घरं सुरू झाली की ५० सुरू झाले असं धरायचं.

हे एवढं घोळवून सांगतेय कारण या गावांतून मुलं एकटी चालत शाळेत जातात. बालवाडीतली चार-पाच वर्षांची पोरं गळ्यात चमकदार त्रिकोणी पट्टा घालून रस्ता ओलांडतात, बरोबर मोठं कुणी नसतं. त्यांना शाळेत पोलीस येऊन शिकवतात की गाडी पूर्ण थांबेपर्यंत, चाकं फिरायची बंद होईपर्यंत पाय टाकायचा नाही. म्हणून ती काठावर उभी राहून तुमच्या चाकांकडे बघत असतात. इथले झेब्रा पट्टे पिवळे असतात. पट्ट्यापाशी कुणी उभं दिसलं की हळू करायचं नाही, थांबायचं. हात हलवून ‘जा’ असंही खुणावू नका, कारण तुमच्या हाताकडे बघून मूल दुसऱ्या बाजूच्या गाडीकडे बघायचं विसरतं. दंडाची भीती घालण्यापेक्षा मला हेच सांगायचं असतं की ५० हा आकडा या पोरांसाठी आहे.

वस्तीच्या आतल्या गल्ल्यांमध्ये ३०चा झोन लागतो. तिथे पिवळे पट्टे बहुधा नसतात आणि वेगळी खूण नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो कितीही बारक्या बोळातून येत असो. २०चा झोन निळ्या पाटीने सुरू होतो, तिथे पायी चालणाऱ्याचाच हक्क पहिला.

मोठ्या रस्त्यांचं थोडक्यात. झ्युरिकच्या आसपास ए-१ या ऑटोबानवर डोक्यावर डिजिटल आकडे लागतात. १००, ८०, कधी ६० सुद्धा. हे आकडे सल्ल्याचे नसून सक्तीचे आहेत. कामं चालू असतील तिथेही तेच. गॉटहार्डच्या बोगद्यात ८०. हा १९८०मध्ये सुरू झालेला जवळपास १७ किलोमीटरचा एकच बोगदा आहे आणि दोन्ही दिशांची वाहतूक त्यातूनच चालते. २००१मध्ये आत दोन ट्रक धडकून आग लागली, ११ माणसं गेली. आत शिरल्यावर ओव्हरटेक नाही आणि पुढच्या गाडीला चिकटणंही नाही.

आता पकडतात कसं ते. खांबावरचे किंवा पेटीतले कायमचे कॅमेरे आहेत. काही दिवसांपुरते आणून ठेवलेले राखाडी मोठे डबे असतात, ते आज इथे तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावात. पोलीस लेझर घेऊन उभे असतात. काही ठिकाणी, उदाहरणार्थ ए-२वर बाझेलजवळच्या आरिसडॉर्फ बोगद्यात, दोन टोकांमधला सरासरी वेग मोजतात, म्हणजे कॅमेऱ्यापुरता ब्रेक मारून काही साधत नाही. कॅमेऱ्याआधी सूचनेची पाटी असेलच असं धरून चालू नका. आणि मोबाइलवरच्या ज्या ॲपमध्ये कॅमेऱ्यांच्या जागा दिसतात ते इथे बेकायदा आहे. नकाशाच्या ॲपमधली ती सोय स्वित्झर्लंडमध्ये शिरण्याआधीच बंद करा.

दंडाचा हिशेब असा होतो. मोजलेल्या वेगातून यंत्राची चूक गृहीत धरून काही किलोमीटर वजा करतात: १००पर्यंतच्या वेगाला रडारसाठी ५, लेझरसाठी ३. उरलेला वेग मर्यादेपेक्षा किती जास्त, त्यावर रक्कम. समजा गावात तुम्ही ५०च्या जागी रडारवर ६२ला सापडलात. ६२मधून ५ गेले, ५७ राहिले, म्हणजे ७ जास्त. दंड १२० फ्रँक. फ्रँक सध्या शंभर रुपयांच्या वर आहे, तेव्हा गुणाकार तुम्हीच करा. गावात ५पर्यंत जास्त असेल तर ४० फ्रँक, ६ ते १० जास्त असेल तर १२०, ११ ते १५ला २५०. वस्तीबाहेर त्याच टप्प्यांना ४०, १०० आणि १६०, आणि १६ ते २०ला २४०. ऑटोबानवर २० फ्रँकपासून सुरुवात होते आणि वेग २१ ते २५ जास्त असेल तर २६० फ्रँक.

ती वजावट सूट समजून ‘५५ने गेलो तरी चालतं’ असं गणित करू नका. एका वळणावर नजर चुकली की ते ५५चे ६० होतात.

गावात १६ किंवा त्याहून जास्तने मर्यादा ओलांडलीत की ठरलेल्या दराचा दंड संपतो आणि रीतसर गुन्ह्याची कारवाई सुरू होते. मग रक्कम उत्पन्नावरही ठरू शकते. २०२५मध्ये लोझानमध्ये एका अतिश्रीमंत माणसाला ५०च्या जागी ७७ने गेल्याबद्दल ९० हजार फ्रँकपर्यंतचा दंड ठोठावल्याची बातमी जगभर झाली. त्यातले १० हजार लगेच भरायचे आणि बाकीचे पुढच्या तीन वर्षांत पुन्हा गुन्हा केला तर. गावात २५ने जास्त हा गंभीर गुन्हा धरतात. परदेशी लायसन्स असलं तरी या देशात गाडी चालवायला किमान तीन महिने बंदी येते. आणि ५०च्या जागी १०० म्हणजे २०१३पासूनच्या कायद्याप्रमाणे थेट कैदेची तरतूद, गाडी जप्त होण्याची शक्यता वेगळी.

पोलिसांनी रस्त्यातच थांबवलं तर गाडीतून उतरू नका, हात स्टिअरिंगवर ठेवा आणि शांतपणे बोला. इंग्रजी चालतं. परदेशी रहिवाशाला दंड जागेवर भरावा लागतो किंवा तेवढी रक्कम अनामत ठेवावी लागते. पावती घ्या. दंड मान्य नसेल तर तसं सांगण्याचा हक्क तुम्हाला आहे, मग प्रकरण रीतसर चौकशीला जातं. पण रक्कम कमी करा म्हणून घासाघीस करू नका, आणि ‘साहेब, काहीतरी करा ना’ हा सूर तर चुकूनही लावू नका. नोट पुढे केलीत तर तो स्वतंत्र गुन्हा आहे.

कॅमेऱ्यात सापडलात तर मात्र तेव्हा काहीच होत नाही, आणि खरा घोटाळा इथूनच सुरू होतो. दंडाची सूचना आधी गाडीच्या मालकाकडे, म्हणजे भाड्याच्या कंपनीकडे जाते. कंपनी तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवते आणि या कामाचे पैसे तुमच्या कार्डावरून कापते. हा दंड नाही, हे नुसतं कागद हलवण्याचं शुल्क. माझ्या मावसभावाच्या कार्डावर असे पैसे कापलेले दिसले आणि दंड मिटला असं समजून तो निवांत झाला. खरं पत्र नंतर पोस्टाने त्याच्या घरी आलं, जर्मनमध्ये, आणि घरच्यांनी ते जाहिरात समजून बाजूला ठेवलं. मुदत टळली, मूळ रकमेवर कार्यवाहीचा खर्च चढला.

म्हणून पत्र आलं की त्यात एवढं शोधा: तारीख, वेळ आणि जागा, मोजलेला वेग, वजावट, उरलेला वेग, रक्कम आणि प्रकरणाचा क्रमांक. त्या दिवशी त्या वेळी तुम्ही खरोखर तिथे होतात का, गाडीचा नंबर तोच आहे का, हे करारावरून ताडून बघा. भरायला ३० दिवस मिळतात. बऱ्याच कँटनमध्ये कार्डाने ऑनलाइन भरता येतो, पत्ता पत्रावर छापलेला असतो. बँकेतून पाठवलेत तर क्रमांक लिहायला विसरू नका आणि बँकेचं शुल्क वेगळं द्या, रक्कम अपुरी पोचली तर दंड भरला असं धरत नाहीत. गाडी दुसऱ्याने चालवली असेल तर तेही त्याच मुदतीत कळवायचं. एसएमएसवर लिंक पाठवून दंड मागणारे मात्र भामटे असतात, त्यांना भीक घालू नका.

आपल्याकडे ई-चलान साठवून ठेवायचं आणि लोकअदालतीत तडजोड करायची, असं बरेच जण करतात. इथे तसं काही नाही. मुदतीत दंड नाही भरला तर प्रकरण वर जातं, दंडादेश निघतो, खर्च वाढतो. त्या आदेशाविरुद्ध हरकत घ्यायला फक्त १० दिवस असतात. तरीही नाही भरलं तर दंडाच्या बदल्यात कैद होऊ शकते. पोलिसांच्या शोधयादीत नाव गेलं तर पुढच्या वेळी विमानतळावर उतरल्यावरच त्याचा पत्ता लागेल.

शेजारच्या देशांत जाणार असाल तर सीमेवरच्या पाटीकडे बघा, तिथे त्या देशाच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. इटली आणि फ्रान्समध्ये मोटरवेवर १३०, पण पाऊस पडत असेल तर ११०. जर्मनीत आणि फ्रान्समध्ये गावाच्या नावाची पाटी हीच ५०ची पाटी, वेगळा आकडा शोधत बसू नका. गाडी स्वित्झर्लंडबाहेर घेतली असेल तर ऑटोबानसाठी ४० फ्रँकचं विग्नेट, म्हणजे वार्षिक टोलचा परवाना, आधी घ्या, नाहीतर २०० दंड.

निघण्याआधी भारतात दोन कामं करा. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा आणि मूळ लायसन्सही बरोबर घ्या. गाडी ताब्यात आली की पार्किंगमध्येच पाच मिनिटं देऊन लिमिटर (ठरवलेल्या वेगापुढे गाडी जाऊ न देणारी सोय) कसा लावतात ते विचारून घ्या. गावात ५०ला लिमिटर लावला की डोंगर बघायला मन मोकळं राहतं. डॅशबोर्डवर गाडी स्वतः वाचून आकडा दाखवते, तो कधीकधी बाजूच्या रस्त्याचा असतो. विश्वास पाटीवर ठेवा.

भाड्याच्या करारावर मात्र पत्ता असा द्या जिथे टपाल खरोखर उघडलं जातं. साताऱ्याच्या घरी आई-बाबा असतील तर त्यांना सांगून ठेवा: स्वित्झर्लंडचं तिकीट किंवा शिक्का असलेलं पाकीट आलं तर त्याच दिवशी उघडून फोटो व्हॉट्सॲपवर टाका. जर्मन मी वाचून देईन.