‘दे इकडे, मी करतो’ आणि इतर चुका

सहकाऱ्यांनी एकमेकांना शिकवावं, याला कोणाचीच हरकत नसते. जोड्या लागतात, कॅलेंडरवर मीटिंगा पडतात आणि थोड्याच दिवसांत सगळं थंडावतं. कारणं मात्र दरवेळी तीच.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे ‘दे इकडे, मी करतो’. एका ऑफिसात हे जवळून पाहिलंय. एकाचा एक्सेलवर हात बसलेला, दुसरी क्लायंटशी बोलण्यात तरबेज. एकमेकांना शिकवायचं ठरलं. पण ती अडली रे अडली की हा माऊस ओढून घ्यायचा. काम फत्ते, दोघंही खूश. मग हा रजेवर गेला आणि महिनाअखेरचा रिपोर्ट तिच्याकडे आला. बेरीज कमी भरत होती. त्याने फॉर्म्युल्यात ठरावीक ओळींपर्यंतचीच रेंज दिलेली. खाली नव्याने भरलेल्या ओळी धरल्याच जात नव्हत्या. एवढंसं कारण! आकडा चुकलाय हे तिला लगेच कळलं, पण शोधायचं कुठे हे तिला कधी कोणी दाखवलंच नव्हतं. रिपोर्ट रखडला, आणि ‘एवढं शिकवूनही येत नाही’ हा ठपका वर तिच्यावरच.

ज्याला येतं, त्याला समोरच्याचं कुठे अडतंय ते दिसतच नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९० साली मानसशास्त्राच्या संशोधक एलिझाबेथ न्यूटन यांनी काही जणांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर वाजवायला लावला. ऐकणारे निम्मी गाणी ओळखतील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. १२० पैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खी चाल सुरू असते, ऐकणाऱ्याला नुसती टकटक.

म्हणून माझा शिरस्ता असा: माऊस शिकणाऱ्याकडे, माझे हात मांडीवर. ऑनलाइन असू तर स्क्रीनचा कंट्रोल मी मागतच नाही. आधी विचारायचं, ‘काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि तू काय करून पाहिलंस?’ बऱ्याचदा सांगता सांगताच त्याला उत्तर सापडतं. वेळ जातो, जाऊ दे. खरंच घाई असेल तर काम करून द्या, पण त्याला शिकवणं म्हणू नका.

दुसरी चूक याहून वाईट. विश्वासाने सांगितलेली अडचण साहेबांच्या कानावर जाते आणि अप्रेझलमध्ये उगवते. त्यानंतर तो माणूस तुमच्यासमोर ‘सगळं छान चाललंय’ एवढंच बोलतो. बाहेर काय सांगायचं ते पहिल्याच भेटीत ठरवा. माझ्या मते फक्त विषय. आणि एकाच बढतीवर डोळा असलेल्या दोघांची जोडी लावूच नका.

एकच जण कायम गुरू, हेही नको. कॅथी क्रॅम आणि लिन इसाबेला या संशोधकांनी १९८५ च्या अभ्यासात नेमकं हेच टिपलं होतं: सहकाऱ्यांच्या नात्यात देवाणघेवाण दोन्हीकडून होते. एका बाजूने आटली की ती शिकवणी होते.

विषय न ठरवता बसलात तर गप्पाच होणार.

‘तुझं टेम्प्लेट पाठव ना, बाकी मी बघतो’ म्हणणाऱ्या उतावळ्यांना मी टेम्प्लेट देते, पण रिकामं. त्यातला एक रकाना स्वतः भरून आणला, तरच पुढची भेट. निम्मे परत फिरकत नाहीत, आणि मी पाठपुरावाही करत नाही.