रिंगची मागची बाजू: या चुका टाळा

भरतकाम संपलं, आता कापड ताणून धरणाऱ्या गोल रिंगसकटच भिंतीवर टांगायचं, असं ठरलं की बहुतेकजणी लगेच कात्री उचलतात. रिंगच्या कडेकडेने कापड कापायचं, उरलेल्या चिंचोळ्या पट्टीला ग्लू गनने गोंद फासायचा आणि मोकळं व्हायचं. काही महिन्यांत कापड सैल पडतं, मधोमध झोळ येतो. पुन्हा ताणावं म्हटलं, तर चिमटीत धरायला मागे कापडच उरलेलं नसतं. मागची बाजू खरी बिघडते ती या शेवटच्या घाईत. टाक्यांच्या उलट्या बाजूची मात्र उगाचच जास्त धास्ती घेतली जाते.

‘उलटी बाजू सुलटीसारखी दिसली पाहिजे’ हे प्रत्येकीने कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. कर्नाटकी कशिद्यात ते खरंच आहे. त्यातले गवंती आणि मुर्गी हे टाके दोन्ही बाजूंनी सारखेच दिसतात आणि गाठ मारायची नसते. साडीच्या पदराची उलटी बाजूही लोकांना दिसते, तिथे हा कटाक्ष शोभतो. भिंतीवरच्या रिंगची पाठ बघणार फक्त भिंत! म्हणून मागे काय चालेल हे ठरवताना दोनच गोष्टी बघा: पुढून दिसतंय का, आणि उसवेल का.

पुढून दिसतो तो उडी मारलेला दोरा. एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना मागून तसाच ओढून नेलेला गडद हिरवा दोरा पांढऱ्या पॉपलिनमधून सरळ रेघेसारखा उमटतो. काम खिडकीसमोर धरलं की लगेच कळतं. साधारण एक सेंटिमीटरपेक्षा लांब उडी घेऊ नका. एक तर दोरा तिथेच संपवा, नाहीतर आधीच्या टाक्यांच्या पाठीखालून सरकवत पुढे न्या. उडी आधीच मारून झाली असेल तर ती मधोमध कापा आणि दोन्ही टोकं आपापल्या बाजूच्या चार-पाच टाक्यांखाली दडवा.

टोक इतकं आखूड आहे की सुईत ओवून फिरवताच येत नाही? मग क्रम उलटा करा. आधी रिकामी सुई टाक्यांखालून घाला, नाक टोकाजवळ येईपर्यंत सरकवा, मग नाकात दोरा ओवा आणि सुई ओढून घ्या. जेमतेम दोन सेंटिमीटरचं टोकही असं बसतं. त्याहून आखूड असेल तर उडी कापूच नका. फिक्या, पातळ कापडाला मागून मांजरपाटाचा एक थर सुरुवातीपासूनच लावलेला बरा, सगळी लपवाछपवी वाचते.

गाठींचं म्हणाल तर दोन तक्रारी असतात. विरळ विणीच्या कापडातून त्या पुढे निसटतात, आणि कापड ताणलं की पुढून टेंगूळ दिसतं. दोन धाग्यांनी भरत असाल तर गाठ पूर्ण टाळता येते. लडीतल्या सहा धाग्यांपैकी एकच धागा दुप्पट लांबीचा घ्या, दुमडा आणि दोन्ही मोकळी टोकं सुईत ओवा. पहिला टाका घालून सुई मागे आली की मागे राहिलेल्या दुमडीच्या फासातून काढा आणि ओढा. झाली सुरुवात. दोरा संपवताना फक्त एका टाक्याखालून नेऊन कापू नका, तो हमखास सुटतो.

रिंग पक्की करण्याआधी कापड धुवून इस्त्री करायचं राहिलं, तर रिंगचा वळ आणि हातांचा मळ कायमचे आत बंद होतात. पाण्याने जाणाऱ्या पेनाच्या खुणा आधी धुवा, मगच इस्त्री फिरवा, कारण उष्णतेने त्या पक्क्या होऊ शकतात. इस्त्री जाड टॉवेलवर, काम पालथं ठेवून करा, म्हणजे गाठीचे टाके चपटे होत नाहीत. लाल आणि गडद दोऱ्यांचा रंग जातो का, हे आधी ओल्या पांढऱ्या चिंधीने दाबून बघा.

आता चढवणं. स्क्रू वर मध्यभागी, कापडाचे ताणे-बाणे सरळ. कापड उभं-आडवंच ओढा; तिरपं ओढलं की गोल फुलाचं अंडं होतं. स्क्रू पक्का आवळल्यावर रिंगबाहेर तीन-चार सेंटिमीटर कापड ठेवून गोल कापा. गोधडी शिवायचा जाड दोरा घ्या. इथे मात्र चांगली दणदणीत गाठ मारा आणि कडेपासून दीड सेंटिमीटर आत, सेंटिमीटरभराच्या टाक्यांनी धावदोरा घाला. पूर्ण फेरी झाली की दोरा ओढा, कापड चुण्या पडून आत वळतं. दोन-तीन उलट्या टिपा घालून बंद करा. पुढे कधी सैल पडलं, तर हा दोरा कापला की सगळं मोकळं.

गोंदाला माझा विरोध याचसाठी आहे. पातळ गोंद कापडात मुरून पुढे डाग देतो, गरम गोंदाचे गोळे राहतात, आणि दोन्हींत काम सोडवून धुणं अवघड. कापड आधीच अगदी कडेला कापून बसला असाल, तर रिंगमधून काढा, कडेने जुन्या सुती कापडाची पट्टी शिवून घ्या आणि मग धावदोरा घाला. पट्टी मागे जाते, पुढून कुणाला कळत नाही.

शेवटी फेल्ट, म्हणजे मागची बाजू झाकायला लावतात ते जाड, लोकरीसारखं कापड. ते सक्तीचं नाही. स्वतःच्या घरी लावायचं काम मी उघडंच ठेवते. भेट द्यायची असेल तर लावते. आतल्या रिंगने फेल्टवर गोल आखायचा तो कापड चढवण्याआधीच, आणि कापायचा रेघेच्या दोन-तीन मिलिमीटर आतून, नाहीतर कड बाजूने डोकावते. नाव, तारीख भरायची असेल तर फेल्ट जोडण्यापूर्वी भरा. जोडताना काज टाका फक्त मागच्या चुण्यांमध्येच अडकवा. सुई थोडी खोल गेली तर पुढच्या कापडात खळगा पडतो, म्हणून दर चार टाक्यांनी रिंग उलटून बघा.