जुन्या कॉर्व्हेटसाठी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स शोधताना या चुका टाळा

१९६८ ते १९८२ या काळातील शेव्हरोले कॉर्व्हेटचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स निकामी झाला की मालक ‘टर्बो गिअरबॉक्स मिळेल का?’ अशी चौकशी सुरू करतात, आणि पहिली चूक तिथेच होते. जनरल मोटर्सने ‘टर्बो हायड्रामॅटिक’ हे नाव अनेक गिअरबॉक्सना दिले होते. कॉर्व्हेटमध्ये १९६८ साली ‘४००’ या क्रमांकाचा गिअरबॉक्स आला, सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ३५० आला आणि १९८२ च्या गाडीत ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिन कमी फेऱ्यांवर चालू देणारा सर्वांत वरचा गिअर) असलेला चार गतींचा ७००-आर४ बसवला गेला.

विकणाऱ्याच्या शब्दावर न विसंबता तळाचा तेलाचा पॅन पाहावा. ७००-आर४ च्या आयताकृती पॅनला १६ बोल्ट असतात; ४०० आणि ३५० या दोघांनाही १३ असल्यामुळे तेथे केवळ मोजणी उपयोगाची नाही. ३५० चा पॅन एक कोपरा कापलेल्या चौकोनासारखा दिसतो, तर ४०० चा वेडावाकडा असतो. पॅन जुळला तरी बेलहाउसिंग, म्हणजे इंजिनाला जोडले जाणारे गिअरबॉक्सचे घंटेसारखे पुढचे टोक, जुळेलच असे नाही, कारण ४०० हा ब्यूक, ओल्ड्समोबिल आणि पाँटिअॅकच्या इंजिनांसाठीही बनत असे. त्यांच्या बेलहाउसिंगच्या वरच्या कडेला मधोमध खोलगट भाग असतो आणि ते शेव्हरोले इंजिनाला थेट बसत नाही.

४०० च्या जागी ३५० बसवणाऱ्यांची फसगत मागच्या टोकाला होते. ४०० च्या आउटपुट शाफ्टवर (मागे बाहेर येणाऱ्या दांड्यावर) ३२ स्प्लाइन, म्हणजे उभे दाते, असतात, ३५० आणि ७००-आर४ वर २७. त्यामुळे मागच्या चाकांकडे शक्ती नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा योक, म्हणजे गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसणारा जोड, बदलावा लागतो. शिवाय ४०० चा किकडाउन (ॲक्सिलरेटर जोरात दाबल्यावर खालचा गिअर घालणारी यंत्रणा) विजेवर चालतो, तर ३५० ला कार्ब्युरेटरपासून केबल आणावी लागते.

महामार्गावर इंजिन शांत चालावे म्हणून पुष्कळजण जुन्या गाडीत ७००-आर४ घालतात आणि तो पर्याय खरोखर चांगला आहे. मात्र त्याची थ्रॉटल व्हॉल्व्ह केबल हा जिवाचा प्रश्न आहे. ही केबल फक्त गिअर केव्हा बदलावा एवढेच सांगत नाही, तर आतील तेलाचा दाबही तीच ठरवते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर केबल पूर्ण ओढली गेली पाहिजे. कार्ब्युरेटरच्या लीव्हरची भूमिती चुकली, तर दाब पुरेसा चढत नाही, क्लच घसरतात आणि नवा दुरुस्त केलेला गिअरबॉक्स थोड्याच दिवसांत जळतो. इंजिनाची शक्ती तेलातून गिअरबॉक्सकडे देणारा टॉर्क कन्व्हर्टरही तपासूनच घ्यावा: १९८४ पर्यंतच्या ७००-आर४ च्या इनपुट शाफ्टला (कन्व्हर्टरमध्ये शिरणाऱ्या दांड्याला) २७ स्प्लाइन असत, १९८५ पासून ३० झाले.

जुना गिअरबॉक्स भंगारात देण्याची घाई मी कधीच करणार नाही. त्याच्या आवरणावर गाडीच्या क्रमांकाचा अंश ठोकलेला असतो आणि तो पुन्हा मिळत नाही. आवरण शाबूत असेल तर आतील भाग नवे घालून तोच चालवावा.

बसवताना कन्व्हर्टर हाताने फिरवत आत ढकलावा. इनपुट शाफ्ट, स्टेटरचा (कन्व्हर्टरमधील तेल वळवणाऱ्या चक्राचा) आधार आणि तेलाचा पंप अशा तीन टप्प्यांवर तो ‘खट्’ करून आत सरकतो. बेलहाउसिंग इंजिनाला टेकल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट (इंजिनाच्या मागची, कन्व्हर्टर जोडायची तबकडी) यांच्यात साधारण ३ ते ५ मिलिमीटर फट उरली पाहिजे. ती नसेल तर बोल्ट आवळू नयेत, कारण त्या जोराने पंप फुटतो. गिअरबॉक्स मागे घेऊन कन्व्हर्टर पुन्हा बसवावा.