वर्गसमीकरणाचे सूत्र: पाठांतराआधी चार ओळींची मांडणी

दहावीच्या बीजगणितातील वर्गसमीकरणांच्या प्रकरणाशी आलेले बरेच विद्यार्थी सूत्र घडाघडा म्हणतात आणि तरीही उदाहरणात अडखळतात, हे मी शिकवणीच्या वर्गात नेहमी पाहतो. दोष स्मरणशक्तीचा नसतो. सूत्रातील पदे कोठून आली हे ठाऊक नसल्यामुळे एखादे चिन्ह निसटले तर ते पकडण्याचे साधन त्यांच्याजवळ नसते.

अक्ष² + बक्ष + क = ० या सामान्य समीकरणासाठी पूर्ण वर्ग पद्धतीने सूत्र सिद्ध करताना सामान्यतः प्रथम अ ने भागतात आणि मग प्रत्येक ओळीत अपूर्णांक शिरतात. नवशिक्यासाठी मला भारतीय गणिती श्रीधराचार्यांची रीत अधिक सोयीची वाटते. त्यांचा बीजगणितावरील ग्रंथ आज उपलब्ध नाही, परंतु १२व्या शतकात भास्कराचार्यांनी 'बीजगणित' या ग्रंथात त्यांच्या नावानिशी ही रीत उद्धृत केल्यामुळे ती आपल्यापर्यंत पोहोचली. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणावे आणि मग अव्यक्ताच्या, म्हणजे क्ष च्या, मूळ सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवावा, एवढीच ती रीत आहे.

२क्ष² − ७क्ष + ३ = ० हे समीकरण घ्या. ८ ने गुणून स्थिर पद पलीकडे नेल्यावर १६क्ष² − ५६क्ष = −२४ मिळते. दोन्हीकडे ४९ मिळवले की डावी बाजू (४क्ष − ७)² होते आणि उजवीकडे २५ उरतात. म्हणून ४क्ष − ७ = ±५, आणि मुळे ३ व १/२.

येथे थांबून चौपटच का, हे स्वतःला विचारावे. अक्ष² ला ४अ ने गुणले की (२अक्ष)² हा पूर्ण वर्ग तयार होतो. बक्ष चे ४अबक्ष होते, म्हणजेच २ × २अक्ष × ब. त्यामुळे वर्ग पुरा होण्यासाठी केवळ ब² कमी पडतो. यातून (२अक्ष + ब)² = ब² − ४अक ही ओळ मिळते. माझ्या मते पाठ करायचीच असेल तर हीच करावी, कारण वर्गमूळ काढून ब पलीकडे नेला आणि २अ ने भागले की क्ष = (−ब ± √(ब² − ४अक)) / २अ हे सूत्र आपोआप मिळते, आणि २अ हा छेद फक्त वर्गमुळाखाली नसून संपूर्ण अंशाखाली का असतो, हेही उलगडते.

विवेचक, म्हणजे ब² − ४अक, ऋण आला तर वास्तव मुळे नाहीत, हे त्याच ओळीवरून दिसते. वास्तव संख्येचा वर्ग ऋण कसा असेल?

चुका बहुधा किंमती भरताना होतात. ३क्ष² = ५क्ष + २ असे दिले असेल, तर आधी ३क्ष² − ५क्ष − २ = ० लिहावे आणि अ = ३, ब = −५, क = −२ या किंमती चिन्हांसह स्वतंत्र ओळीत मांडाव्यात. मग विवेचक २५ + २४ = ४९ येतो आणि मुळे २ व −१/३. ताळा तोंडी होतो: मुळांची बेरीज −ब/अ, म्हणजे ५/३, आणि गुणाकार क/अ, म्हणजे −२/३ यायला हवा.