'किड ए' ऐकायचा कसा, आणि त्यावरची समीक्षा वाचायची कधी

रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडचा 'किड ए' हा ॲल्बम पहिल्यांदा ऐकणार असाल, तर आधी त्याच्याबद्दल काहीही वाचू नका. माझ्याकडे येणाऱ्या पोरांना मी पहिलं हेच सांगतो. मी राहायला सांगलीत, काम मिरजेत: तंबोऱ्याची जवारी काढायची, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून स्वर गुंजता करायचा. रविवारी रात्री विश्रामबागेत माझ्या खोलीवर चार-पाच जण जमतात. एक अख्खा ॲल्बम ऐकायचा, मग त्यावर काय लिहून आलं ते वाचायचं. हा क्रम मोडला की गाणं ऐकणं राहतं बाजूला, वाचलेलं खरं की खोटं एवढंच आपण तपासत बसतो.

गाणी दहा, वेळ पन्नास मिनिटांच्या आसपास. फोनच्या स्पीकरवर लावू नका, 'द नॅशनल अँथम'मधली बेसगिटार त्यात ऐकूच येत नाही आणि ते गाणं सगळं तिच्यावरच उभं आहे. साधा वायरचा हेडफोन चालेल. शफल बंद. पंखाही बंद, कारण पाचव्या 'ट्रीफिंगर्स'मध्ये शब्द नाहीत, ठेका नाही, नुसते लांबलेले स्वर आहेत आणि पंख्याच्या घरघरीत ते विरून जातात. मे महिन्यात सांगलीत पंखा बंद करायचा म्हणजे परीक्षाच, म्हणून आम्ही रात्री नऊनंतर बसतो.

पहिल्या वेळी बोलू नका, काही लिहूनही घेऊ नका. दुसऱ्या वेळी मात्र प्रत्येक गाण्यात एकच गोष्ट धरा. पहिल्या 'एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस'मध्ये मात्रा मोजा. दहा भरतात. झपतालातही दहाच, पण इथलं वजन दोन-तीन-दोन-तीन असं पडत नाही. बोटांवर मोजलंत की लगेच कळेल. चौथ्या 'हाउ टू डिसअपिअर कम्प्लिटली'त गिटारच्या मागे जो आवाज गळ्यातून मींड काढावी तसा वर सरकतो, तो 'ऑंद मार्तनो' या जुन्या फ्रेंच विजेच्या वाद्याचा. ते बँडमधल्या जॉनी ग्रीनवूडनं वाजवलंय. त्यातली व्हायोलिनं ऑक्सफर्डजवळच्या डॉर्चेस्टर ॲबी या चर्चमध्ये ध्वनिमुद्रित केली. शेवटच्या गाण्यात पायानं भाता मारायचा ऑर्गन आहे. ज्यांच्या घरात संगीत नाटकांचा नाद होता त्यांना हा आवाज नवा नाही. माझ्या खोलीवर एरवी रॉकच्या वाटेला न जाणारे एक काका याच गाण्याला डोळे मिटून बसले होते.

हे झाल्यावर पार्श्वभूमी सांगायची. 1997 च्या 'ओके कम्प्युटर' या ॲल्बममुळे या बँडला डोक्यावर घेतलं गेलं होतं आणि पुन्हा तशीच गिटार येणार म्हणून लोक वाट बघत होते. 2 ऑक्टोबर 2000 ला आला तो हा: गिटार मागे, सिंथेसायझर पुढे, आणि एकही गाणं सिंगल म्हणून वेगळं काढलेलं नाही.

आता समीक्षा. 'मेलडी मेकर' या ब्रिटिश संगीत साप्ताहिकात मार्क बोमाँटनं पाचात दीड गुण दिले. 'पिचफर्क' या संगीत-समीक्षेच्या वेबसाइटनं दहापैकी दहा. या दोन आकड्यांची सरासरी काढून हाती काही लागत नाही. पेन्सिल घ्या आणि समीक्षेतल्या ज्या वाक्याचा पुरावा गाण्यात ऐकू येतो, तेवढ्याच वाक्याखाली रेघ मारा. बाकी लिहिणाऱ्याची अपेक्षा, निराशा, भक्ती. ती वाचावी, पण वेगळी ठेवावी. रेघ मारलेलं वाक्य घेऊन पुन्हा त्या गाण्याकडे जा.

विरोधातल्या लेखनात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते 'न्यूयॉर्कर' या अमेरिकी साप्ताहिकातलं इंग्लिश कादंबरीकार निक हॉर्नबीचं. त्याचं म्हणणं असं की हा ॲल्बम फार चिकाटी मागतो, आणि पगार सुरू झाला की माणसाकडे तेवढी चिकाटी उरत नाही. तक्रार प्रामाणिक आहे, तिला उत्तर द्यायलाच हवं. माझं उत्तर कामातून येतं. घोडीचा माथा कानशीनं जरासा घासायचा, तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकवायचा, छेडायचं, ऐकायचं, परत घासायचं. स्वर उघडायला कधी सबंध दुपार जाते. एका षड्जासाठी जे कान एवढं थांबतात, ते दहा गाण्यांसाठीही थांबतील. आठवड्यातला एक तास कष्टकऱ्याकडेही असतो, फक्त तो राखून ठेवावा लागतो.

समीक्षेची तारीखही बघत जा. 'रोलिंग स्टोन' या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या 500 सर्वोत्तम ॲल्बमांच्या यादीत 'किड ए' 2003 मध्ये 428 वा होता, 2012 मध्ये 67 वा, 2020 मध्ये 20 वा. ध्वनिमुद्रण तेच, बदलले ते ऐकणारे. म्हणून पहिल्या आठवड्यात लिहिलेलं आणि वीस वर्षांनी लिहिलेलं एकाच तागडीत टाकू नका.

शेवटी स्वतः लिहा. दहा ओळी पुरेत. चांदण्या, गुण काही द्यायचे नाहीत. प्रत्येक ओळीपुढे गाणं आणि मिनिट टाका, म्हणजे दुसऱ्याला तिथं जाऊन पडताळता येईल. खाली तारीख घाला, कागद जपून ठेवा. पुढच्या रविवारी 2001 च्या जूनमध्ये आलेला 'ॲम्नीझिॲक' लावा. त्यातली बरीच गाणी 'किड ए'च्याच ध्वनिमुद्रणाच्या सत्रांतली आहेत आणि 'मॉर्निंग बेल' तिथं वेगळ्या रूपात परत येतं. दोन्ही पाठोपाठ ऐका आणि कुठलं का आवडलं, ते त्याच कागदाच्या मागे लिहा.