पंप, गॅस की बॅटरी? रोड सायकलसोबत हवा भरायला काय न्यावं

दुकानात मिनी पंप हातात घेतला की बहुतेक जण आधी त्याचं वजन विचारतात. आधी बघायचं ते आपल्या टायरकडे. कडेला ७००×२५, ७००×२८ किंवा ७००×३२ असं छापलेलं असतं. दुसरा आकडा म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी. साधारण ७० किलोच्या माणसाला २५ च्या टायरमध्ये ८०-९०, २८ मध्ये ७०-८० आणि ३२ मध्ये ५५-६५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरतात. रिम हुकलेस (टायर धरून ठेवणारी आतली आकडी नसलेली) असेल तर ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआयच्या वर जायचंच नाही. हा आकडा पक्का झाला की निम्मी निवड तिथंच होते.

हातपंप

पंपावर '१२० पीएसआय' छापलेलं असतं. ते खोटं नसतं, पण तिथवर नेणारे हात आपलेच असतात. नळकांड्याचा आतला व्यास २० मिमी असेल तर ७५ पीएसआयला दट्ट्या ढकलायला १६-१७ किलोचा जोर लागतो. व्यास २५ मिमी झाला की तोच जोर २६ किलोवर जातो आणि ३० मिमीला ३७ किलोवर. माउंटन बाइकचे जाडजूड पंप रोडच्या टायरवर पन्नास-साठ पीएसआयलाच अडून बसतात ते यामुळे. म्हणून रोडसाठी बारीक नळकांड्याचा पंप घ्यावा.

बारीक असावा, पण आखूड नको. २८ च्या ट्यूबमध्ये सव्वा लिटरच्या आसपास जागा असते. ती ७५ पीएसआयला न्यायची तर बाहेरची सहा लिटरहून जास्त हवा आत कोंबावी लागते. २० मिमी व्यास आणि १२ सेंटिमीटर चाल (दट्ट्या एका झटक्यात सरकतो ते अंतर) असलेला पंप एका झटक्यात जेमतेम ३८ मिलिलिटर ढकलतो. कागदावर हे १६० झटके झाले, प्रत्यक्षात दोनशेच्या पुढे जातात. पाच सेंटिमीटर चालीच्या, मुठीत मावणाऱ्या गोंडस पंपाला चारशेही पुरत नाहीत. बाटलीच्या पिंजऱ्याशेजारी अडकवता येणारा, पाऊण-एक वीत लांबीचा पंप घेतलेला बरा. थोडं वजन चालत असेल तर टोपीकच्या रोड मॉर्फसारखा पंप बघा. त्याला पाय ठेवायची पट्टी आणि आडवी मूठ असते, त्यामुळे तो जमिनीवर टेकवून अंगाचा भार टाकता येतो. शेवटच्या वीस पीएसआयला हा फरक चांगलाच कळतो.

पंपाला रबरी नळी हवीच. पंपाचं तोंड थेट वाल्ववर बसवून जोर लावला की प्रत्येक झटक्याला वाल्व हलतो. मग प्रेस्टाची, म्हणजे रोड सायकलच्या निमुळत्या वाल्वची, बारीक काडी तरी वाकते, नाहीतर वाल्वच्या बुडाशी ट्यूब फाटते. तिथं फाटलेल्या ट्यूबला पॅच बसत नाही. नळी आट्यांची असेल तर वेगळीच गंमत होते. हवा भरून नळी उलटी फिरवताना वाल्वचा कोअर (आतला सुटा होणारा भाग) तिच्यासोबत निघून येतो आणि दोनशे झटक्यांची मेहनत फुस्स. नवी ट्यूब पिशवीत टाकण्याआधीच कोअर चिमट्याने किंवा कोअरच्या चावीने आवळून ठेवा. डीप, म्हणजे उंच कडांची रिम असेल तर वाल्व रिमबाहेर निदान दीड-दोन सेंटिमीटर दिसतोय का तेही बघा. नाहीतर पंपाचं तोंड धरणारच नाही.

पंप घेतल्यावर एका संध्याकाळी मागचं चाक पूर्ण रिकामं करून त्याच पंपाने भरा आणि गेज लावून बघा. जिथं हात थकतात तोच त्या पंपाचा खरा आकडा.

गॅसचं काडतूस

दाबाखाली कार्बन डायऑक्साइड भरलेली ही छोटी काडतुसं १२, १६, २० आणि २५ ग्रॅमची मिळतात. १६ ग्रॅमचं एक काडतूस रिकाम्या ट्यूबमध्ये सोडलं तर २५ चा टायर ११०-१२०, २८ चा ९० आणि ३२ चा ६५ पीएसआयच्या आसपास जातो. म्हणजे २८ च्या टायरसाठी अख्खं काडतूस ओतलं तर हवा जास्तच होते. हुकलेस रिमवर तर ते धोक्याचं आहे. त्यामुळे गॅस थांबवता येईल असा, खटक्याचा किंवा फिरकीचा हेड (काडतूस वाल्वला जोडायचं तोंड) घ्या. काडतूस आट्यांचं की बिनआट्यांचं हे हेडशी जुळवूनच विकत घ्यावं.

गॅसची संधी एकदाच असते. म्हणून क्रम चुकवू नका. आधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा किंवा काच काढा. ट्यूबला थोडी हवा भरून आकार द्या, टायर बसवा आणि दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून ट्यूब कडेखाली अडकली नाही ना हे गोल फिरून बघा. हेड बंद ठेवून काडतूस घट्ट फिरवा, वाल्ववर बसवा आणि पाव गॅस सोडून थांबा. टायरची कडेची रेघ सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली की उरलेला सोडा. काडतूस क्षणात बर्फासारखं होतं, कातडीला चिकटतं. त्याला कापडी किंवा रबरी बाही हवी, नसेल तर हातमोजा. ट्यूबलेस असेल तर वाल्व वरच्या बाजूला आणा. थंड गॅसचा झोत सरळ सीलंटवर (छिद्र बुजवणाऱ्या आतल्या द्रवावर) गेला तर त्याच्या गुठळ्या होतात.

कार्बन डायऑक्साइड ब्युटाइल रबरातून हवेपेक्षा फार लवकर झिरपतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी टायर मऊ दिसतो. ते नवं पंक्चर नसतं. घरी आल्यावर सगळा गॅस सोडून हवा भरा. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीत काडतुसं ठेवू नका.

शर्यतीत गॅसला तोड नाही. पण २०० किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, साडेतेरा तास मिळतात, तिथं पाच मिनिटं वाचवून काय करणार? शिवाय मदतीची गाडी फक्त कंट्रोललाच, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या थांब्यावरच चालते. ताम्हिणी घाटात पावसात तिसरं पंक्चर झालं आणि दोनच काडतुसं होती, की हिशोब संपला. गॅस न्यायचाच तर पंपाच्या जोडीला न्या.

बॅटरीवरचा पंप

मुठीएवढे हे पंप आता बरेच दिसतात. एक २८ चा टायर मिनिट-दीड मिनिटात भरतात. एका चार्जमध्ये लहान मॉडेल जेमतेम दोन टायर भरतं, त्यामुळे खोक्यावरचा आकडा कोणत्या टायरसाठी आणि किती पीएसआयपर्यंत आहे ते वाचा. आदल्या रात्री चार्ज करायची सवय नसेल तर त्यावर पैसे घालू नका. चालताना त्याचं तोंड चांगलंच तापतं. टीपीयू ट्यूबचा (रबराऐवजी पातळ, हलक्या प्लॅस्टिकच्या ट्यूबचा) वाल्व प्लॅस्टिकचा असेल तर तो मऊ पडून वाकतो, तिथं सोबतची रबरी नळी मध्ये लावायलाच हवी. पावसाळ्यात झिपच्या पिशवीत ठेवा. विमानाने जाताना बॅटरीमुळे तो हातातल्या सामानात घेतलेला बरा.

आणि एक पितळी अडॅप्टर

कोणताही पंप असो, प्रेस्टावर चढवायचा पितळी अडॅप्टर सॅडल बॅगेत असू द्या. वजन काहीच नाही, पण त्यावर मोटारसायकलच्या पंपाचं तोंड बसतं, त्यामुळे हायवेवरचा कुठलाही पंक्चरवाला तुमच्या कामाचा होतो. आधी प्रेस्टाची वरची नटोळी सैल करा, ती एकदा दाबून हवा सुटते का बघा आणि मगच अडॅप्टर चढवा. कंप्रेसर ट्रकच्या टायरसाठी लावलेला असतो. तुमची सव्वा लिटरची ट्यूब तो डोळ्याचं पातं लवायच्या आत फोडू शकतो. त्यामुळे "दादा, थोडी थोडी मारा" असं आधीच सांगा आणि प्रत्येक झटक्यानंतर अंगठ्याने टायर दाबून बघा. भरून झाल्यावर अडॅप्टर काढायला विसरू नका. तो वाल्ववर राहिला तर नटोळी आवळता येत नाही आणि हवा हळूहळू निघून जाऊ शकते.